उजव्या हाताचा गडगा

त्या मंगळवारी गावसभेत कुणी जागचं हललं नाही.

एरवी आमच्या ईस्ट हॅरोची गावसभा म्हणजे नुसती ये-जा. मार्चचा पहिला मंगळवार, बाहेर कमरेएवढा बर्फ, शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. कुणी कॉफीला उठतंय, कुणी विणकाम राहिलं म्हणून गाडीकडे चाललंय, कुणी दाराशी उभं राहून मेपलच्या रसाची चौकशी करतंय. "सुरू झाला का गं तुमच्याकडे?" "कालपासून टपटपतोय." दिवसा ऊन आणि रात्री गारठा पडायला लागला की मेपलच्या पोटात पाझर फुटतो. मग गावाचं चित्त सभेत कमी नि झाडांना टांगलेल्या बादल्यांत जास्त.

यंदा मात्र माणसं डिंकाने चिकटवल्यासारखी बसली होती. पोस्टातली मार्था तर दोन्ही पाय एकमेकांभोवती गुंडाळून, लालबुंद होऊन बसली होती. मी विचारलं, "अगं, जा ना जाऊन ये." तर म्हणाली, "आणि कुंपण-पंच होऊ? त्यापेक्षा इथेच फुटेन."

आमच्या राज्याचा कायदा म्हणतो, प्रत्येक गावात तीन कुंपण-पंच असावेत. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून बिनसलं तर तिघांनी जाऊन कुंपण पाहावं आणि निवाडा द्यावा. कायदा घोड्यांच्या काळातला. मला कळायला लागल्यापासून एकाही पंचाने एकही कुंपण पाहिलेलं नाही. म्हणून गावाने त्या पदाची थट्टा करून टाकली होती. सभेच्या शेवटी, रस्ते झाले, शाळा झाली, बर्फ ढकलायच्या ट्रकची दुरुस्ती झाली की पंच निवडायचे, आणि ते असे निवडायचे: एक, जो त्या क्षणी खुर्चीवर नसेल तो. दुसरा, जो झोपला असेल तो. तिसरा, ज्याचं नुकतंच लग्न झालंय तो. टाळ्या वाजायच्या, हशा व्हायचा, आणि सगळे जेवायला उठायचे.

पण याच हिवाळ्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भलत्याच गावच्या, भलत्याच कुणाच्या गाईच्या खटल्यात निकाल दिला, की कुंपणाचं भांडण आधी कुंपण-पंचांपुढे जाईल, कोर्टापुढे नंतर. कायदा म्हातारा झालाय, मेलेला नाही, असं काहीसं त्यात लिहिलं होतं म्हणे. आणि त्या निकालाची पहिली ठिणगी पडली ती आमच्याच गावात. हॉलिस व्हीलॉक आणि अर्डिथ कोल्बी यांच्या गडग्यावर.

दोघंही सत्तरी ओलांडलेली, शाळेत एका बाकावर बसलेली. हॉलिसची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. अर्डिथने लग्नच केलं नाही. 'मेंढ्यांनी मला आधी मागणी घातली' म्हणायची. दोघांच्या जमिनींमध्ये डोंगराकडून ओढ्याकडे उतरणारा दगडी गडगा, त्यावर तारेचे दोन पदर. अर्धा गडगा याने राखायचा, अर्धा तिने. डोंगराकडचा हॉलिसचा, ओढ्याकडचा अर्डिथचा. दोघांच्या बापांपासून हे असंच. दर शनिवारी पत्ते. दर रविवारी एकाच्या घरची अंडी नि दुसऱ्याच्या घरचा ब्रेड.

मग मागच्या शरदात ते भोपळ्याचं झालं.

हॉलिस जिल्ह्याच्या जत्रेसाठी लाल भोपळा वाढवतो. दरवर्षी त्याचा दुसरा नंबर येतो. त्या वर्षीचा भोपळा बाथटबएवढा झाला होता. त्याचं नाव ऑगस्टा. हॉलिस तिला सकाळी 'नीज झाली का' विचारायचा, ऊन लागू नये म्हणून स्वतःची उन्हाळी चादर पांघरायचा. जत्रेच्या दिवशी पहाटे ट्रक घेऊन गेला, तर अर्डिथची मेंढी बीट्रिस ओढ्याकडच्या खिंडारातून आत शिरून ऑगस्टात खांद्यापर्यंत घुसलेली. बाहेर फक्त मागचे दोन पाय आणि आनंदाने हलणारी शेपूट. अर्डिथ धावत आली. तिने ती शेपूट पाहिली, आणि तिला हसू आलं. साधंसुधं नव्हे. गवतात बसून, पोट धरून, डोळे पुसत.

मला वाटतं, भोपळा गेल्याचं हॉलिसने सोसलं असतं. त्याला ते हसू सोसलं नाही.

त्या दिवसापासून तो तिला 'कोल्बी बाई' म्हणायला लागला. साठ वर्षांचं 'अगं' गेलं आणि 'अहो' आलं. आणि मग कोर्टाचं पाकीट. ओढ्याकडचा गडगा त्यांच्या वाटणीचा, तो त्यांनी राखला नाही, सबब त्यांना मेंढ्या ठेवायला मनाई करावी.

फेब्रुवारीत तारीख पडली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, त्या दिवशी बर्फामुळे शाळेला सुट्टी होती, म्हणून अर्डिथला गाडीतून मीच नेलं. न्यायाधीश विनिफ्रेड स्लेड, चष्म्यावरून बघणारी, शांत बाई.

"ओढ्याकडचं कुंपण तुमच्या वाटणीचं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"आहे," अर्डिथ म्हणाली. "माझ्या वडिलांच्याही वाटणीचं होतं."

"आणि ते पडलं होतं."

"ते दर वसंतात पडतं, साहेब. मी उभारते, ओढा पाडतो. तिथली जमीन थंडीने फुगते आणि दगड ओकते. गेल्या वर्षी गुडघा दुखत होता, थोडी मागे पडले."

"त्यांचा गुडघा दुखतो," हॉलिस भिंतीला उद्देशून म्हणाला, "पण हसायला पोट दुखत नाही. माझ्या वाटणीचा एक दगड हललेला दाखवा म्हणावं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या हातात असतं तर कोल्बी बाई, खिंडार तुमचं असल्यावर मला मेंढ्यांच्या विरुद्ध जावं लागलं असतं. पण वरच्या कोर्टाने सांगितलंय, आधी पंच. पंच जे म्हणतील ते मी धरून चालेन. तुमच्या गावचे कुंपण-पंच कोण?"

खोलीत दबलेला हशा झाला. हॉलिस उठला. कान लाल.

"एक फ्लोरिडाला गेला, साहेब. एक स्वर्गाला गेला." तो घुटमळला. "आणि तिसरा मीच आहे. मागच्या सभेत डोळा लागला होता."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ खोकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "गावाने नवे निवडावेत. या खेपेला शुद्धीत असलेले निवडता आले तर बघा."

घरी येताना अर्डिथ गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. वळणावर तिची मेंढरं दिसली, बर्फावर काळ्या तोंडांची, कोकरांनी पोटं जड झालेली, तेव्हा म्हणाली, "डेल्फीन, यांच्यावाचून सकाळी उठून मी काय करायचं गं?"

मी गाडी कडेला थांबवली, तिला त्यांच्याकडे डोळाभर बघता यावं म्हणून.

तर म्हणून यंदा सभेत कुणी हलत नव्हतं. मस्करीचं पद खरं झालं होतं. जो उठेल त्याला या दोघांपैकी एकाशी कायमचं वाकडं घ्यावं लागणार होतं. मीही नसते उठले. पण दुपारच्या जेवणाचं घेवड्याचं सूप माझ्याकडे होतं, आणि मला ओळखीचा वास आला. करपायच्या आधी एक गोडसर वास येतो ना, तो. पद टाळायचं की सूप वाचवायचं? दोनशे माणसांचं सूप होतं. मी धावले. पळी फिरवत असतानाच भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकला, आणि समजले.

दुसरे निवडले गेले ऑरिन प्रॅट, ऐंशीच्या पुढचे, ज्यांना झोपायला निमित्त लागत नाही. तिसरा ल्यूथर डाउ, गणिताचा मास्तर, नुकताच बोहल्यावरून उतरलेला. बायकोला 'जेवलीस का' विचारायला तो फोन घेऊन दाराबाहेर गेला होता.

सभा संपल्यावर मार्था माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी धावत गेली. "सूप फार छान झालंय गं!" एवढं ओरडली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही गडगा पाहायला गेलो तो महिनाअखेरचा दिवस. बर्फ खालून विरघळायला लागला होता आणि आमच्याकडचा पाचवा ऋतू, चिखल, सुरू झाला होता. ल्यूथरची नवी गाडी अर्डिथच्या वाटेवर दाराच्या कड्यांपर्यंत रुतली. त्याने कायद्याचं कलम प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं, नव्या बुटांत आला होता, आणि गाडीतून उतरताच एक बूट चिखलाने ठेवून घेतला. एका पायात मोजा घेऊन त्याने कायदा वाचायला सुरुवात केली.

"अरे, आधी बूट काढ," मी म्हणाले.

"नको, आधी रीतसर सुरू करू. नंतर कुणी हरकत घेईल."

अर्डिथच्या मेपलांच्या बादल्या टपटपत होत्या. तिच्या पाक आटवायच्या छपरीतून वाफ निघत होती आणि गोड धुराचा वास ओढ्यापर्यंत उतरला होता. मेंढ्या गोठ्यात, पहिली दोन कोकरं उन्हात, काडीसारख्या पायांवर. हॉलिस गडग्याच्या पलीकडे त्याच्या जमिनीत उभा. अर्डिथ अलीकडे. मध्ये साठ वर्षांची ओळख आणि एक रांग दगड.

आम्ही वरपासून खालपर्यंत चाललो. डोंगराकडचा हॉलिसचा भाग असा की बघत राहावं. सपाट शेवाळलेले दगड, एकमेकांच्या कुशीत. ऑरिन हात फिरवत चालले होते आणि नाकातल्या नाकात गुणगुणत होते. गडगा रचतानाचं गाणं आहे ते, आता कुणाला येत नाही.

दोहोंवर एक ठेव, एकावर दोन,
दगडाची मैत्री गड्या मोडतंय कोण?
चुना नको माती नको, नको खिळा मेख,
आपल्याच भाराने उभे राहती ते एक.

मध्याला एक उभा दगड आहे, तिथून खाली अर्डिथचा भाग सुरू होतो. फरक आंधळ्यालाही दिसला असता. दगड दरवर्षी नवे रचलेले, कडेला ओढ्याने पाडलेला ढीग, तारेला गाठीवर गाठी, आणि पुढे ते खिंडार. बीट्रिसचं खिंडार. तिच्या लोकरीचा पुंजका अजून तारेला होता.

"बघा," हॉलिस म्हणाला. "मला वेगळं सांगायला नको."

खरंच नको होतं. ल्यूथरने माझ्याकडे पाहिलं, मी ऑरिनकडे, आणि ऑरिन मध्यावरच्या दगडाला टेकून उभ्याउभ्या झोपले होते.

"आता शेवटची पायरी," ल्यूथर ओशाळून म्हणाला. "दोघांनी मध्यावर उभं राहायचं आणि आपापली वाटणी हाताने दाखवायची. तेवढं झालं की आपण लिहून द्यायचं."

दोघं मध्याच्या दगडाशी आले. हॉलिस त्याच्या बाजूला, अर्डिथ तिच्या. आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. तो त्याच्या घराकडे तोंड करून, ती तिच्या गोठ्याकडे.

"असं नाही," ल्यूथर म्हणाला. "जरा वळता का?"

"मी इथूनच दाखवेन," हॉलिस.

"व्हीलॉक साहेबांना माझं तोंड बघायचं नसेल तर माझाही हट्ट नाही," अर्डिथ.

"त्यांना सांगा, तोंडाचं काही नाही. त्यातून हसू बाहेर येतं त्याचं आहे."

"हात वर करा," मी वैतागून म्हणाले, "आणि संपवा एकदाचं."

दोघांनी उजवा हात उचलला. त्याने डोंगराकडे, तिने ओढ्याकडे. आणि तेवढ्यात ऑरिनचे डोळे उघडले. त्यांनी दोघांकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग काठी, मग सगळे ऑरिन.

"अगदी असेच," ते म्हणाले. "अगदी असेच उभे होते."

"कोण?"

"यांचे बाप. मी मोजायच्या साखळीचं दुसरं टोक धरून उभा होतो. तेव्हाही पंच आले होते. चर्चच्या गाण्यात कुणाचा आवाज मोठा यावरून याच्या बापाचं नि हिच्या बापाचं बोलणं बंद होतं. दोघांचा आवाज बैलासारखा. तोंड बघायला तयार नाहीत. पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि उजवा हात दाखवून मोकळे झाले. पाऊस यायला लागला होता, पंचांना भूक लागली होती. कुणी बघतंय कशाला!"

"मग?" ल्यूथर म्हणाला. "त्यात काय झालं?"

"अरे मास्तर, तो कागद वाच ना तुझा. गावोगावची रीत काय लिहिली आहे?"

ल्यूथरने प्लॅस्टिक पुसलं. ओठ हलवत वाचलं. थांबला. पुन्हा वाचलं, मोठ्याने. "दोन्ही शेजाऱ्यांनी मध्यावर, समोरासमोर, एकमेकांकडे तोंड करून उभं राहावं, आणि ज्याच्या उजव्या हाताला जो भाग येईल तो त्याने राखावा."

ल्यूथरने मान वर करून आधी हॉलिसच्या पाठीकडे पाहिलं, मग अर्डिथच्या.

माझ्या डोक्यात ते हळूहळू फिरलं, चक्की फिरावी तसं. पाठमोरा माणूस वळला की त्याचा उजवा हात पलीकडे जातो. बापांची वाटणी उलटी झाली होती. मुलांनी तीच पुढे चालवली होती.

"वळा," मी म्हणाले. "दोघंही वळा. हा पंचांचा हुकूम आहे."

अर्डिथ आधी वळली. हॉलिसला वेळ लागला. चिखलातून पाय काढत, तोंड खाली घालून, तो एकदाचा समोर आला. सप्टेंबरपासून पहिल्यांदा दोघं एकमेकांसमोर उभी होती, मध्ये मध्यावरचा दगड, त्याच्या डोक्यावर बर्फाची टोपी.

"उजवा हात," ल्यूथर कुजबुजला.

अर्डिथचा हात डोंगराकडे गेला, त्या सुरेख शेवाळलेल्या गडग्याकडे. हॉलिसचा हात ओढ्याकडे. त्याचं बोट सरळ त्या खिंडारावर होतं, आणि लोकरीचा पुंजका वाऱ्यावर हलत होता.

तो हात त्याने बराच वेळ खाली घेतला नाही. त्याच्या तोंडावरून काय काय सरकलं ते मी सांगू शकणार नाही. ओढ्याकडचे सगळे वसंत असतील. दरवर्षी गमबूट घालून पाण्यात उभी, दगड उचलणारी अर्डिथ, आणि वरच्या कोरड्या जमिनीवरून 'माझा एक दगड हलत नाही बघ' म्हणणारा तो.

अर्डिथने ओठ घट्ट मिटले होते. गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसत नव्हती. मी तिला इतके कष्ट करताना कधी पाहिलेलं नाही.

"खिंडार माझं आहे," हॉलिस म्हणाला. मग जरा मोठ्याने, कोर्टात बोलावं तसं: "लिहून घ्या. खिंडार माझं आहे." आणि मग बोटाकडे बघतच त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. "म्हणजे ऑगस्टाला बीट्रिसच्या तोंडी मीच दिली."

"शेपूट कशी हलत होती रे," अर्डिथ कशीबशी म्हणाली.

मग तो हसला. आधी तो हसला, हे मी पंच म्हणून लिहून द्यायला तयार आहे. तिचा बांध त्यानंतर फुटला. दोघं त्या दगडाला धरून उभी होती, तो तिच्या खांद्यावर थोपटत होता, 'अगं बास, अगं बास' म्हणत होता. साठ वर्षांचं 'अगं' चिखलातून चालत परत आलं होतं.

निवाडा आम्ही छपरीत बसून लिहिला. अर्डिथने सावलीतला शेवटचा स्वच्छ बर्फ परातीत भरून आणला, त्यावर उकळता पाक ओतला. तो गोठून तारेसारखा झाला की काट्याने गुंडाळायचा, मग डोनट, मग खारवलेली आंबट काकडी, म्हणजे पुन्हा गोड खायला जीभ मोकळी. ल्यूथर एक पाय चुलीशी धरून लिहीत होता: वाटणी मुळात चुकली होती, ती आज समोरासमोर दुरुस्त केली, खिंडार व्हीलॉक यांच्या भागात, सबब मेंढ्यांचा दोष नाही, त्या राहतील.

"पण ओढ्याकडचं मी एकट्याने कसं उभारू?" हॉलिस काट्याकडे बघत म्हणाला. "मला तिथली खोड माहीत नाही."

"मला आहे," अर्डिथ म्हणाली. "आणि तुझ्यासारखं वरचं मला रचता येत नाही. गुडघ्याला जप म्हणजे झालं. माझ्या नाही, तुझ्या."

"हे कायद्यात बसतं का?" ल्यूथरने विचारलं.

"तू काकडी खा," ऑरिन म्हणाले आणि झोपले.

मग अर्डिथ उठली, घरात गेली, आणि लोकरीचा एक मोजा घेऊन आली. त्यात काहीतरी खुळखुळत होतं. "बीट्रिसने गर खाल्ला, बिया टाकल्या," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी वेचल्या, धुतल्या, खिडकीत वाळवल्या. द्यायला निघाले तर तुझं पाकीट आलं. मग मीही हट्टाला पेटले."

हॉलिसने मोजा हातात घेतला. कानाशी धरून खुळखुळवला. काकडी आंबट आहे म्हणत डोळे पुसले.

न्यायाधीश स्लेड यांनी आमच्या निवाड्यावर सही केली आणि खाली हाताने एक ओळ लिहिली, की निवाडा मिळाला, पण कागदाला पाक लागलेला असल्याने तो दोन फाइलींना चिकटला होता.

बर्फ गेला, आणि एका रविवारी मी ओढ्याकडे गेले. दोघं पाण्यात उभी होती. ती दगड निवडत होती, तो रचत होता, आणि ऑरिनकडून शिकलेलं गाणं दोघंही चुकीच्या सुरात, बैलासारख्या आवाजात म्हणत होती. खिंडार बुजत आलं होतं. पलीकडे हॉलिसच्या वाफ्यात उलट्या बरण्यांखाली ऑगस्टाच्या बियांचे हिरवे अंकुर.

अलीकडे बीट्रिस दोन कोकरांना घेऊन आली, मान वर करून तिने त्या बरण्यांकडे पाहिलं आणि निवांत रवंथ करू लागली.

हॉलिसने हातातला दगड खाली ठेवला. "बघतेस काय?" तो बीट्रिसला म्हणाला. "यंदा समोरून ये. विचारून ये. जत्रा झाली की अर्धा भोपळा तुझा."